माइकसमोरची न्याहारी

न्याहारीच्या बाबतीत मला कुणी काही शिकवायला येऊ नये! हे मी उगाच म्हणत नाही. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेली, आणि तीही सकाळच्या पाळीत. बाहेर नीट उजाडायच्या आत घर सोडायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, समोरच्या फळीवर फोन जोडायच्या दोऱ्या खुपसायच्या आणि जेवणाची सुट्टी होईपर्यंत खुर्ची सोडायची नाही. आमच्या सुपरवायझर बाईंना आम्ही घार म्हणायचो. एखादी मुलगी नुसती चुळबुळली तरी घार पाठीमागे हजर!

अशा पाळीला काय खाऊन जायचं, हे मला माझ्या पोटानेच शिकवलं. पटकन होणारं हवं आणि दुपारपर्यंत टिकणारं हवं. नुसता चहा-पाव घेऊन आलेल्या मुली मधेच अशा कोमेजायच्या, की पाणी न घातलेली कुंडीतली रोपं बरी. मी मात्र एखाद्या भरलेल्या पोत्यासारखी ताठ बसलेली! अंडं, मूठभर शेंगदाणे, वाटीभर घट्ट लापशी. मैत्रिणी विचारायच्या, "अगं, तुला भूक कशी लागत नाही?" मी नुसती हसायचे. अजूनही तो काळ आठवला की मला स्वतःचं कौतुक वाटतं.

तर एवढा अनुभव गाठीशी असलेल्या बाईच्या घरात सुनेचं पोट गुरगुरावं, ही गोष्ट मला कशी सहन होणार?

झालं असं. नात शिकायला बाहेरगावी गेली आणि घर एकदम रिकामं झालं. सूनबाईंनी लग्नानंतर कधी नोकरी केली नव्हती. आधी मुलगी लहान, मग ह्यांचं, म्हणजे तिच्या सासऱ्यांचं, दुखणं, त्यांच्या अंथरुणापाशी बसून रोज पेपर वाचून दाखवणं. ह्यांचे डोळे गेले होते, पण बातमी ऐकताना मान हलवायचे. म्हणायचे, "पोरगी वाचते छान." ते गेले, आणि ते वाचनही थांबलं. मग एक दिवस तिने कुठूनतरी शोधून काढलं, की एका स्टुडिओत पुस्तकं मोठ्याने वाचून त्यांचं रेकॉर्डिंग करतात. गेली, आवाज ऐकवला, आणि त्यांनी एक जाडजूड कादंबरी तिच्या हातात ठेवली. महिनाभर बघू म्हणाले, जमलं तर कायम. त्या दिवशी ती घरी आली ती जिना चढत नव्हती, उडत होती!

आठवडा झाला नाही तोच चेहरा उतरला. मी स्वयंपाकघरात गाठलं.

"काय झालं गं?"

"काही नाही, आई."

"माझ्याशी काही नाही म्हणायचं नाही. मी लोकांचे फोन ऐकण्यात जन्म घातलाय!"

तेव्हा रडवेली होऊन म्हणाली, "माझं पोट वाजतं."

"मग? सगळ्यांचं वाजतं."

"सगळ्यांच्या पोटापुढे माइक नसतो, आई!"

मग सगळं बाहेर आलं. ती सकाळी लवकर जायची, कारण उशीर झाला की रस्त्यावरच्या गाड्यांचा घोंघाट भिंतीतून आत येतो. जाताना कपभर चहा, बस्स. आत खोलीला चारी बाजूंनी स्पंज लावलेला. पंखा बंद, दार बंद, टाचणी पडली तर स्फोट वाटावा अशी शांतता. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा माणूस. त्याला तिथे सगळे 'कान' म्हणतात, कारण त्याला मुंगीचं चालणं ऐकू येतं. आणि ही कादंबरी वाचते आहे, 'घरभर जीवघेणी शांतता पसरली,' की लगेच आतून गुर्रर्र!

"कान काय म्हणतो?"

"तो बिचारा चांगला आहे. 'ताई, परत घेऊ' म्हणतो. पण काल त्या एका वाक्याला परत, परत, परत! मोठ्या बाईंनी विचारलंच, काम इतकं मागे का?"

मोठ्या बाई म्हणजे स्टुडिओच्या मालकीणबाई.

"आणि आई, यांना सांगू नका हं. यांना कळलं तर उद्याच म्हणतील, सोड ती नोकरी."

हे मात्र खरं होतं. माझा मुलगा काळजी करण्यात पहिला नंबर. बायकोला शिंक आली तर हा खिडक्या बंद करतो, दुसरी आली तर औषधाच्या दुकानात पोहोचलेला असतो.

"तू अजिबात घाबरू नकोस," मी पदर खोचल्यासारख्या आवेशात म्हटलं. "उद्यापासून तुझी न्याहारी माझ्याकडे!"

पहिल्या दिवशी मी तिला वाडगाभर दूध दिलं, त्यात ओट्स, केळं, वरून अक्रोड. काय दिसत होतं ते! राजाच्या मुलाने खावं असं. ती खाऊन गेली, मी विजयी मुद्रेने वाट बघत बसले. दुपारी परत आली.

"वाजलं?"

"पोट नाही वाजलं."

"बघ! म्हटलं नव्हतं?"

"घसा वाजला. दुधाने घशाला चिकटा धरला. प्रत्येक वाक्याआधी खर्रर्र! कान म्हणाला, ताई, नायिका वीस वर्षांची आहे, तिला हुक्का ओढायला लावू नका."

ठीक आहे. दूध बाद. दुसऱ्या दिवशी पावावर शेंगदाण्याचं जाड लोणी फासून दिलं. पोट गप्प, घसा मोकळा, पण जीभ टाळूला चिकटून बसली! वाचताना प्रत्येक शब्दाला टच, टच असा आवाज. म्हणे नायक प्रेमाचं बोलतो आहे आणि ऐकणाऱ्याला वाटावं, पाल चुकचुकते आहे. त्यातून दाढेत अडकलेला दाणा नेमका खुनाच्या प्रसंगात सुटला आणि तिने तो माइकसमोर चावला.

मग मी दिले उकडलेले चणे. इतकं पौष्टिक, इतकं टिकाऊ दुसरं काही नाही! त्या दिवसाबद्दल मी फार लिहिणार नाही. एवढंच सांगते, की काचेपलीकडून कानाने फार सभ्यपणे विचारलं, "ताई, खुर्ची वाजली का?" ती म्हणाली, "हो." त्याने खुर्ची बदलली. थोड्या वेळाने दुसरी खुर्चीही वाजली. त्यानंतर तो नुसता मान खाली घालून बसला.

"उद्यापासून मी पुन्हा चहाच घेऊन जाते," सूनबाई म्हणाली.

"वेडी की काय! माघार घ्यायची नाही."

पुढच्या दिवशी मी बटाटे आणि तीन अंडी घालून असा जाड गोळा तळून दिला, की तो ताटात ठेवल्यावर टेबल जरा वाकलं असं मला वाटलं. त्या दिवशी कुठलाही आवाज आला नाही. कारण ती वाचता वाचता पेंगली! घराला आग लागल्याचा प्रसंग तिने असा वाचला म्हणे, की कानालाही झोप लागली. मोठ्या बाई आत आल्या तेव्हा यंत्र चालू आणि दोघं गप्प.

आता मात्र मला खरी काळजी वाटायला लागली. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी कादंबरी मांडीवर घेऊन नुसती बसली होती, पानं उलटत, ओठ हलवत, आवाज न काढता. ह्यांच्या अंथरुणापाशी बसायची तशीच. मला एकदम वाटलं, हिच्या हातून हे गेलं तर ती पुन्हा काही मागायची नाही. ना माझ्याकडे, ना नशिबाकडे.

मी ठरवलं, प्रयोग आता स्टुडिओत करायचे नाहीत. घरी करायचे! रविवारी सकाळी तिला खाऊ घालायचं, आणि मग मीच तिचं पोट ऐकायचं. एक्सचेंजमधले माझे कान काही मेले नव्हते. मी स्टीलचा पेला घेतला, त्याचं तोंड तिच्या पोटाला लावलं आणि बुडाला माझा कान. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, नळ घट्ट बंद, फ्रिजचंही बटण बंद केलं.

"शू! श्वास सावकाश घे," मी म्हटलं.

"गुदगुल्या होतात आई!"

"हलू नकोस. हां... ऐकू येतंय! बारीक आहे, पण आहे!"

"खरंच?"

"अगं हो! आता इकडे सरकलं बघ!"

ती हसायला लागली. मीही हसले. हसता हसता ती म्हणाली, "यांना मात्र इतक्यात कळू देऊ नका हं."

त्याच वेळी दार जरासं हललं. मला वाटलं, वारा. तो वारा नव्हता. तो माझा मुलगा होता, पाणी प्यायला आलेला, आणि पाणी न पिताच परत गेला.

आता तुम्हीच सांगा. सासू गुडघ्यांवर बसलेली, सुनेच्या पोटाला कान लावलेला, दोघी हसताहेत, आणि नवऱ्याला इतक्यात कळू द्यायचं नाही. दुसऱ्या कुणाला काय वाटेल?

त्या दिवसापासून तो विचित्र वागायला लागला. बायकोने बादली उचलली, की हा धावत येऊन हिसकावून घ्यायचा. ती खुर्चीवर बसली, की पाठीमागे उशी. एकदा तर ती स्टुलावर चढली तेव्हा तो असा किंचाळला, की शेजारच्यांनी दार वाजवलं. बाकीचा वेळ भिंतीकडे बघत बोटं मोजायचा. नंतर कळलं, बाळ कॉलेजात जाईल तेव्हा आपलं वय काय असेल, ते मोजत होता!

मला एकटीला गाठून हळूच म्हणाला, "आई, तुला माहीत आहे ना?"

मला वाटलं, सूनबाईने पोटाचं सांगितलं वाटतं. म्हटलं, "मला आधीपासून माहीत आहे."

"मग? या वयात... डॉक्टरला दाखवायला नको?"

"डॉक्टर कशाला? एवढ्याशा गोष्टीला! मी बघते ना. खाणं नीट जमलं, की झालं."

"एवढीशी गोष्ट?" त्याचा चेहरा पांढरा झाला. "आई, तू किती धीराची आहेस गं!" आणि माझ्या पायांवर डोकं ठेवायचाच बाकी राहिला. मी खूश! पोराला आईची किंमत कळली, असं वाटलं.

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण काळजी त्याच्या पोटात मावेना. त्याने सरळ स्टुडिओत फोन केला. फोन कानाने घेतला. हा म्हणाला, "हे बघा, तिला उंच पाठीची खुर्ची द्या, मधे मधे आडवं होऊ द्या, आणि तिला काही बोलू नका, तिने अजून कुणाला सांगितलेलं नाही." कानाने मोठ्या बाईंना सांगितलं. त्याचं काय चुकलं? इतक्या दिवसांचे घशाचे, पोटाचे, झोपेचे सगळे आवाज त्याला एकदम समजले!

दुसऱ्या दिवशी सूनबाई घरी आली ती दारातच बसली.

"मोठ्या बाई म्हणाल्या, अभिनंदन. म्हणाल्या, पण पुस्तक लांबलचक आहे, पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा आवाज एकच हवा. पुढे पुढे श्वास पुरत नाही, आवाज बदलतो. म्हणाल्या, उद्या ये, कसं करायचं ते ठरवू. आई, कशाबद्दल बोलत होत्या त्या?"

माझ्याही डोक्यात काही शिरेना. तेवढ्यात मुलगा आतून उशी घेऊन आला. आम्ही दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने उशीकडे पाहिलं.

"अरे, तू फोन केलास?" मी विचारलं.

"तुमच्या चांगल्यासाठीच केला! तुम्ही लपवलंत तरी मी बघितलं ना, पेला लावून ऐकत होतीस तू! हलतंय, सरकतंय!"

घरात खरोखरच जीवघेणी शांतता पसरली.

"अहो," सूनबाई फार हळू म्हणाली, "पोटात ओट्स होते."

"म्हणजे... नाही?"

"नाही!"

"अजिबात नाही?"

"अहो, नाही म्हणजे नाही!"

तो उशीसकट जमिनीवर बसला. चेहऱ्यावर सुटकेचा आनंद असा पसरला, की मला त्याला फटका मारावासा वाटला. पण लगेच थोडा उदासही झाला. "मी एक नावसुद्धा ठरवलं होतं," म्हणाला. त्यावर सूनबाईने त्याला जे काही सुनावलं, ते रेकॉर्ड झालं असतं तर महिना संपायच्या आतच तिला कायम केलं असतं. इतका स्पष्ट उच्चार! इतका दमदार श्वास!

रात्री मी म्हटलं, "उद्या मी येते. त्या बाईंशी मी बोलते."

"आई, नको."

"येते म्हटलं ना!"

आधीच्या प्रयोगांतून एवढं हाती लागलं होतं: ओट्स पाण्यात शिजवायचे, मऊ होईपर्यंत. त्यात एक अर्धकच्चं अंडं आणि वाफवलेलं सफरचंद. चावण्यासारखं काही नाही, चिकटण्यासारखं काही नाही. पहाटे उठून ते केलं, तिच्यासमोर बसून चमचा चमचा खाऊ घातलं, पेला लावून ऐकलं. तळ्यासारखं शांत! शिवाय लागलंच तर म्हणून डब्यात उकडलेली अंडी घेतली, आणि निघालो.

मोठ्या बाई माझ्याएवढ्या नाहीत, पण पिकत आलेल्या. मी सगळं सांगितलं. दूध, लोणी, दोन खुर्च्या, पेला, मुलगा. त्या हसल्या नाहीत. टेबलावर बोटं वाजवत म्हणाल्या, "गरोदर असती तरी मी वाट बघितली असती हो. पण हे तर काम मागे पडण्याचं आणखी वाईट कारण झालं. चला, आज मी स्वतः ऐकते. कादंबरीतला म्हातारीच्या मरणाचा प्रसंग एका दमात वाचला, तर ठेवते. नाही तर दुसरीला देते."

सूनबाईने माझं मनगट घट्ट धरलं. मी म्हटलं, "मी हिच्याजवळ आत बसू का? कोपऱ्यात. हूं की चूं करणार नाही."

कान म्हणाला, "आजी, श्वाससुद्धा जपून हं."

"अरे बाळा, मी घारीच्या हाताखाली नोकरी केली आहे!"

दार बंद झालं. लाल दिवा लागला. आणि ती वाचायला लागली.

इतकी वर्षं मी तिचा आवाज ऐकत होते, पण कसा? मिक्सरच्या वरून, नळाच्या वरून, दुसऱ्या खोलीतून, "आई, गॅस बंद केलात का?" असा. ह्यांना वाचून दाखवायची तेव्हा मी मागे भांडी घासत असे. हा आवाज मी ऐकलाच नव्हता! गोष्टीतली म्हातारी मरत होती, आणि मला वाटलं, ती इथेच या खोलीत आहे. काचेपलीकडे मोठ्या बाईंनी डोळे मिटले. माझे भरून आले. शेवटचं पान आलं. सूनबाईने तो थांबा घेतला, जिथे म्हातारीचा श्वास संपतो आणि कुणी काही बोलत नाही.

गुर्रर्र... ढुम्म.

सूनबाई कागदासारखी पांढरी पडली. तिने स्वतःच्या पोटावर हात दाबला. दिवा विझला. मोठ्या बाईंनी डोळे उघडले आणि खुर्ची मागे सारली.

"थांबा," कान म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला. "बाई, हे ताईंचं नाही. ताईंचं पोट मला पाठ आहे!"

"मग कुणाचं?"

"हे खालच्या पट्टीतलं आहे. आणि कोपऱ्यातून आलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि माझ्या पोटाने, कुणी विचारलं नसताना, आणखी एकदा उत्तर दिलं.

"आजी," मोठ्या बाईंनी विचारलं, "सकाळी काय खाल्लंत?"

मी तोंड उघडलं. आठवायला लागले. ओट्स शिजवले, अंडं फोडलं, सफरचंद वाफवलं, तिला भरवलं, पोट ऐकलं, डबा भरला... चहासुद्धा गॅसवर तसाच राहिला होता. दुपारपर्यंत टिकणाऱ्या न्याहारीवर इतके दिवस व्याख्यानं देणारी मी! "खाल्लं ना," असं काहीतरी पुटपुटले, पण माइक चालूच होता, आणि त्यात ते फार खोटं ऐकू आलं.

"बाहेर बसा आणि आधी खा," मोठ्या बाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही त्या पानापासून पुन्हा घ्या."

मला बाहेर बाकावर बसवलं. दार इतकं जाड, की पलीकडचं अक्षर ऐकू येईना. दारावरचा लाल दिवा तेवढा दिसत होता. डबा मांडीवर तसाच राहिला. आत ती एकटी. त्या थांब्याला पोहोचली असेल का? आता म्हातारी गेली असेल का? दिवा विझला, पुन्हा लागला. माझा जीव वर, खाली. एक्सचेंजमध्ये कुणाच्या मरणाची बातमी जोडून देतानाही न डगमगणारी मी, आता डब्याचं झाकण नुसतं उघडत होते, लावत होते.

शेवटी दिवा विझला. दार उघडलं. सूनबाई बाहेर आली. नुसती मान हलवली, होकाराची. मग भिंतीला टेकली आणि हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आणि त्याच क्षणी मला अशी भूक लागली, की काय सांगू! डबा उघडला आणि एक अख्खं अंडं तोंडात कोंबलं.

नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई बाहेर आल्या. "आजी," त्या म्हणाल्या, "सूनबाई आजपासून आमच्या. पण माझी एक अट आहे. तुम्ही पुन्हा या दारातून आत यायचं नाही. कबूल?"

मला खूप काही बोलायचं होतं हो! माझी नोकरी, माझी शिस्त, माझा अनुभव. पण अंडं गिळलं जाईना. मी मुकाट्याने मान डोलावली.